तळ्यातील माशांचे अन्न आणि आरोग्य

सोलापूर म्हटले म्हणजे ज्वारी, चादरी आणि वैशाखाचे ऊन आठवते. मासे सहसा आठवत नाहीत. तथापि याच जिल्ह्यात भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले, शहरालगतचा हिप्परग्याचा तलाव तर एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि अलीकडे डाळिंबांसाठी खणलेल्या शेततळ्यांतही कटला, रोहू व मृगळ सोडले जातात. एकाच पाण्याने बागही पोसावी व मासेही, हा हिशेब चोख खरा. परंतु माशाच्या प्रकृतीकडे डोळेझाक झाली की तो फसतो.

नदीतील मासा न मानवणारे पाणी सोडून जातो. तळ्यातल्याला तशी वाट नाही. वीस अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांवर साडेसातच. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही तोच वापरतात. त्यामुळे पहाटे तुटवडा पडून मासे पाण्यावर तोंडे उघडू लागतात. पाहणारास ती गंमत वाटते. वस्तुतः मासे गुदमरत असतात. ऊन वर येऊन ते खाली गेले म्हणजे संकट टळले असे मालक समजतो, आणि पुढे काही दिवसांनी अंगावर व्रण पडलेले मासे तरंगू लागले म्हणजे पाण्यात साथ आली म्हणतो.

या दोन गोष्टींचा संबंध काय? माँट्रियल येथील हान्स सेली यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, इजा कोणत्याही प्रकारची असो, ती दीर्घकाळ टिकली तर रोगाशी झुंजणाऱ्या पेशींची ठाणी आक्रसतात. माशांतही हेच घडते. माशाच्या हाडांत रक्त घडविणारा मगज नसतो. ते काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो, आणि ताणाच्या वेळी पाझरणारे कॉर्टिसॉल हे द्रव्यही तेथलेच. सैन्याची छावणी आणि सैन्य घरी धाडणारी कचेरी एकाच वाड्यात असावी, तसाच हा प्रकार! घटकाभराचा ताण मासा सोसतो. परंतु दाटी, उष्णता, वारंवार ओढलेले जाळे यांनी कॉर्टिसॉल चढतेच राहिले, तर रक्तातील लढाऊ पेशी घटतात आणि अंगावरील बुळबुळीत कवचही दुबळे होते. मग पाण्यात एरवीही असणाऱ्या एरोमोनास जातीच्या जंतूंस आयतेच फावते.

आता अन्नाविषयी. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड हा माशांचा रूढ खुराक. मातीच्या जुन्या तळ्यात तो पुरतो, कारण उरलेली उणीव पाण्यातील सूक्ष्म जीव भरून काढतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात ही शिदोरी फार तोकडी असते. बहुतेक माशांना माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व शरीरात बनविता येत नाही. ते न मिळाल्यास कणा वाकतो, जखमा भरत नाहीत आणि रोगाचा प्रतिकार मंदावतो. बाजारी खाद्यात ते घातलेले असले तरी पत्र्याच्या तापलेल्या खोलीत पोती महिनोन्महिने पडली की नष्ट होत जाते.

बुरसटलेली पेंड त्याहून घातक. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने. तीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत जाळते आणि प्रतिकारशक्तीही खच्ची करते. गुरांनी नाकारलेली पेंड माशांना घालण्याची काटकसर म्हणूनच महागात पडते.

मासे अशक्त दिसले म्हणून खुराक वाढविणे, हा उपायही उलटाच. न खाल्लेले अन्न कुजते, प्राणवायू खाते आणि अमोनिया सोडते. ढगाळ दिवशी किंवा पहाटे मासे वर आल्यास खुराक तोडावा हेच श्रेयस्कर. यीस्टपासून काढलेले बीटा-ग्लुकन खाद्यात मिसळल्याने प्रतिकारशक्तीस चालना मिळते हे खरे. परंतु गुदमरणाऱ्या माशाला रसायन चाटवून काय उपयोग? जंतुनाशक औषधे तळ्यात अंदाजाने ओतणे तर त्याहूनही वाईट, कारण त्यांना न जुमानणारे जंतूच मागे उरतात.

खरी दक्षता बीज आणतानाच घ्यावी. पिल्लांना आदल्या दिवशी उपाशी ठेवून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून सकाळच्या गारव्यात आणतात. तळ्याशी आल्यावर पिशवी लगेच फोडीत नाहीत; ती पाण्यावर अर्धा तास तरंगू देतात, आतले व बाहेरचे पाणी सारखे होऊ देतात, आणि मग तोंड उघडून पिल्लांना आपल्या चालीने बाहेर पडू देतात.