दाखल्यावरचे नाव

(हीरक महोत्सवानिमित्त हैदराबाद येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेच्या कार्यालयात वर्षभर नाना प्रकारच्या विनंत्या येत असतात. त्यांतली एक अशी, की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जून-जुलैच्या सुमारास, मुलांना वर्गात सोडून बाकीचे पालक परतले की एखादी आई मागे रेंगाळते, खिडकीशी येते आणि दाखल्याची दुसरी प्रत मिळेल का, असे हळूच विचारते. दाखला मुलाचाच हवा असणार, असे कारकून गृहीत धरतो. इयत्ता आणि तुकडी विचारतो. मग कळते, की दाखला तिचा स्वतःचा हवा आहे, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. नोंदवही काढली जाते. नाव सांगताना ती क्षणभर थांबते. कारण जे नाव आज बँकेच्या पुस्तकात आणि दारावरच्या पाटीवर आहे, ते त्या नोंदवहीत नाही. मराठी घरांत लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिले नावही बदलले जाते. ज्या मुलीने दहावीची परीक्षा दिली, ती मुलगी कागदोपत्री नाहीशीच झालेली असते. ती आणि ही एकच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, विवाहनोंदणीचा दाखला आणि साक्षांकित प्रती गोळा कराव्या लागतात. पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणीची पहिली परीक्षा ही अशी, अभ्यासक्रमाबाहेरची असते.

संसार चालू असताना पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढणारी ही स्त्री आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तिच्याविषयी बोलताना ‘जिद्द’ हा शब्द फार लवकर येतो. चाळिशीत पदवी मिळवली की शाल आणि श्रीफळ देऊन तिच्या जिद्दीचा गौरव होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्यात वावगे काही नाही. परंतु जिद्दीचे कौतुक करण्यास काही खर्च येत नाही. तिला हवे असतात ते दिवसाचे दोन-तीन तास, आणि ते कोणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाचे जे प्रयत्न टिकले, त्यांच्या चालकांना ही तासांची गोष्ट प्रथम उमगली होती.

पुण्याच्या सेवासदनाचे उदाहरण घ्यावे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये त्या संस्थेचे काम रानड्यांच्या वाड्यात सुरू झाले. वर्ग प्रौढ स्त्रियांसाठी होते आणि ते भरत दुपारी. ही वेळ साधी दिसते. पण सकाळचा स्वयंपाक, पुरुषांची जेवणे आणि आवराआवर झाल्यावर संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत जी काय सवड मिळे, ती हीच. स्वतः रमाबाई लग्नानंतर सासरी शिकल्या होत्या. इंग्रजी शिकण्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनी सोसला होता. शाळेच्या घंटेने स्त्रीला बोलवावे की स्त्रीच्या सवडीप्रमाणे घंटा वाजवावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही.

त्याच काळात हिंगण्याच्या आश्रमात पार्वतीबाई आठवले काम करीत होत्या. त्या महर्षी कर्वे यांच्या मेहुणी. लहान वयात वैधव्य आले, पदरी एक मुलगा. त्याला घेऊन त्या बहिणीच्या घरी आल्या आणि पंचविशी उलटल्यावर त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे आश्रमासाठी गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी जमवली. इंग्रजी शिकण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र पुन्हा पुन्हा अडत राहिले, कारण आश्रमाचे काम पुढे उभेच असे. अखेर १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरत इंग्रजी शिकल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे सांगितले आहे. घरकामापासून सुटका व्हावी म्हणून शिकणाऱ्या पुष्कळ असतात. शिकता यावे म्हणून सातासमुद्रापार परक्याचे घरकाम पत्करणाऱ्या पार्वतीबाई एकट्याच असाव्यात.

या शाळेची मुले ज्या शहरात वाढतात, त्या हैदराबादशी या विषयाचा धागा अधिक जवळून जोडलेला आहे. विद्यानगरवरून रोज जाणाऱ्यांना दुर्गाबाई देशमुख हे नाव रुग्णालयाच्या पाटीवरून परिचित असते. चिंतामणराव देशमुख यांच्या पत्नी म्हणून मराठी माणसाला त्या आपल्या वाटतात, आणि तेही योग्यच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणरावांचे अखेरचे दिवस याच शहरात गेले. १९८२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. परंतु १९५३ साली देशमुख हे आडनाव लागण्यापूर्वी दुर्गाबाईंनी जे केले, ते या विषयाच्या अगदी मर्माशी जाते.

त्यांचा जन्म १९०९ मध्ये राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न लावून दिले गेले. जाणत्या वयात आल्यावर त्यांनी तो विवाह नाकारला, आणि माहेरचे लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाराव्या वर्षीच इंग्रजी माध्यमाच्या सक्तीचा निषेध म्हणून त्यांनी शाळा सोडली होती. पुढे मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास झाला. तुरुंगात त्यांना अशा बायका भेटल्या, की ज्यांना स्वतःवरच्या आरोपाचा कागदही वाचता येत नव्हता. बाहेर आल्यावर दुर्गाबाईंनी पुन्हा पुस्तके हाती धरली. ज्या इंग्रजीसाठी शाळा सोडली, तीच आता शिकावी लागली. बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा त्यांनी बाहेरून दिली, आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि तिशी उलटल्यावर मद्रासला कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. आंध्र विद्यापीठात प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा मुलींसाठी वसतिगृह नाही, ही अडचण त्यांना सांगण्यात आली. याच अडचणीने घरी बसलेल्या इतर मुली त्यांनी शोधून काढल्या, आणि वसतिगृह चालवून दाखवले.

स्वतः शिकत असतानाच त्यांनी मद्रासमध्ये इतर स्त्रियांना बनारसच्या मॅट्रिकसाठी शिकवायला सुरुवात केली. त्यातून आंध्र महिला सभा उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्यांच्यापुढे एक व्यावहारिक पेच आला. खेड्यांत ग्रामसेविका, बालसेविका, परिचारिका, शिक्षिका नेमायच्या होत्या; पण त्या पदांना लागणारे किमान शिक्षण असलेल्या स्त्रिया खेड्यांत मिळेनात, आणि शहरातल्या शिकलेल्या खेड्यात जाईनात. म्हणून १९५८ पासून मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. ज्यांची शाळा लग्नामुळे वा गरिबीमुळे अर्ध्यावर सुटली होती, त्यांना दोनएक वर्षांच्या नेटक्या अभ्यासाने परीक्षेपर्यंत न्यायचे, असा हा बेत. प्रौढ स्त्रीला तिसरी, चौथी, पाचवी अशी एकेक इयत्ता चढायला लावण्यात अर्थ नाही, कारण तिची समज शाळेबाहेर वाढतच राहिलेली असते, हा त्यामागचा विचार होता. अलीकडच्या भाषेत ज्याला ‘दुसरी संधी’ म्हणतात, ती या देशात सरकारी योजना म्हणून अशी आली.

पुढचा टप्पाही याच शहरातला. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादेत स्थापन झाले. त्यालाच आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, तर १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. इंदिरा गांधी विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा असते. नियमपत्रिकेतली ही एक कोरडी ओळ. पण मधल्या एका वर्षी सासऱ्यांचे आजारपण, दुसऱ्या वर्षी मुलीची दहावी आणि तिसऱ्या वर्षी घर बदलणे, असा ज्यांचा अभ्यासक्रम असतो, त्यांना तिचे मोल विचारावे.

संस्था वाकल्या, घर किती वाकते, हे मात्र कोणत्याच नियमपत्रिकेत लिहिलेले नसते. सायंमहाविद्यालयात जाऊन पदवी घेतलेले कितीतरी गृहस्थ या सभागृहात बसले असतील. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, रात्री साडेनऊला घरी. त्या वेळी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवलेले असे. मुलांना ‘बाबा अभ्यास करताहेत, आवाज करू नका’ असे दटावले जाई. आता तीच पदवी घेणाऱ्या आईकडे पाहावे. तिचा अभ्यास स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, कुकरची तिसरी शिट्टी मोजता मोजता होतो. रविवारी संपर्कवर्गाला जायचे, तर शनिवारी रात्रीच दोन वेळचा स्वयंपाक उरकून ठेवावा लागतो. तिच्यासाठी ताट झाकून ठेवणारे घर अजून विरळाच. घरचे लोक वाईट असतात, असे नव्हे. पुष्कळदा ते मनापासून ‘तू शीक ना, कोणी अडवलंय?’ असे म्हणतात. न अडवणे म्हणजेच मदत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि तिथेच गाडे अडते.

याच्या उलट काही घरांत मुलेच कामाला येतात. नववीतला मुलगा आईची उत्तरपत्रिका तपासतो आणि शुद्धलेखनाचे गुण कापतो. मुलगी तिला प्रश्नोत्तरांचा कप्पेबंद अभ्यास शिकवते. एकाच टेबलावर दोन पिढ्यांची पुस्तके उघडी असतात. अशा घरात आईला लाज वाटते ती पहिले दोन महिनेच. वर्गातही तेच होते. विशीतल्या मुलामुलींमध्ये आपण कोण, असे सुरुवातीला वाटते. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला महागाईचा विषय निघतो, आणि तेलाच्या डब्याचा दर दहा वर्षांत कसकसा चढत गेला हे पाठ असलेली विद्यार्थिनी वर्गात एकच असते. पाठांतर मात्र तिला जड जाते, हे खरे. सनावळ्या आणि व्याख्या विशीत जशा चिकटतात, तशा चाळिशीत चिकटत नाहीत. ते लपवण्यात हशील नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या स्त्रीपुढे आणखी एक भिंत असते. तिने इतिहास, नागरिकशास्त्र, विज्ञान मराठीत शिकलेले असते. ‘मूलभूत हक्क’, ‘मागणी आणि पुरवठा’, ‘गुरुत्वाकर्षण’ हे शब्द तिला अजून आठवतात. इथल्या मुक्त विद्यापीठात अभ्यास करायचा तर तेलुगू, उर्दू किंवा इंग्रजीतून. तेलुगू तिला बाजारात येते, उत्तरपत्रिकेत येत नाही. दखनी बोलता येते, पण उर्दूची लिपी परकी. उरते इंग्रजी. मराठीतून शिकवणारे नाशिकचे विद्यापीठ इथून दूर. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असा आग्रह धरला आणि पदवीला ‘गृहीतागमा’ असे अस्सल नाव दिले. त्या आग्रहाचा अर्थ पुण्यात बसून जितका कळतो, त्याहून अधिक तो अशा परमुलखात कळतो. मातृभाषेत समजलेले तिला सारे पुन्हा परभाषेत मांडावे लागते, आणि पहिल्या परीक्षेत ती नापास झाली तर बुद्धी कमी पडली असे घरादाराला, आणि दुर्दैवाने तिलाही, वाटते. नापास झालेली असते ती तिची इंग्रजी. दुर्गाबाईंनाही ती वयात आल्यावरच शिकावी लागली होती.

इथे मराठी शाळेला करण्याजोगे काम आहे, आणि हीरक महोत्सवाच्या संकल्पांत त्याला जागा मिळावी. इमारत रविवारी रिकामी असते. दोन वर्ग दुपारी दोन ते पाच उघडे ठेवता येतील. निवृत्त शिक्षक आहेत. राज्यशास्त्राचे नि अर्थशास्त्राचे मराठी शब्द इंग्रजी शब्दांशेजारी मांडून देणारी एक वही त्यांच्या हातून सहज होईल. लहान मुलांना सांभाळण्यासाठी शेजारचा बालवर्ग आहेच. तिथे माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे विशेषेकरून वडिलांनी, आळीपाळीने बसावे. बाके मात्र दहावीच्या वर्गातली द्यावीत. पाचवीच्या बाकांत चाळिशीची माणसे मावत नाहीत, हे आज सकाळपासून या मेळाव्यात पुष्कळांनी अनुभवले आहेच.

आणि कार्यालयासाठी एक छोटी विनंती. शाळेच्या साठ वर्षांच्या नोंदवह्यांची पाने आता पिवळी पडली आहेत, काहींच्या कडा झिजल्या आहेत. त्यांची नीट प्रत करून घ्यावी, आणि खिडकीशी दाखला मागायला आलेल्या बाईला बसायला एक खुर्ची द्यावी. नोंदवहीत नाव सापडायला थोडा वेळ लागतो.