मॅक्डोनाल्डची खुर्ची आणि आपलं मत

(मांडवा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मांडव्यात बसून विलायतेच्या एका पंतप्रधानाची कथा कशाला ऐकायची, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. तो मेला 1937 साली. पण दर 24 सप्टेंबरला आपण पुणे कराराच्या नावानं बोटं मोडतो. त्या करारानं जो कागद फाडला, त्या कागदावर सही होती रॅमसे मॅक्डोनाल्डची. आपल्या मतावर ज्याची सही होती तो माणूस कोण, कुणाच्या खांद्यावरून वर चढला नि कुणाच्या मांडीवर जाऊन बसला, हे तपासलं पाहिजे. कारण असले मॅक्डोनाल्ड आपल्यातही निपजलेत.

हा गडी 1866 साली स्कॉटलंडमधल्या लॉसीमथ नावाच्या मच्छीमारांच्या गावात जन्मला. मांडव्यासारखंच, समुद्राच्या तोंडाशी असलेलं गाव. आई मोलकरीण, बाप नांगऱ्या. दोघांचं लग्न झालेलं नाय. म्हणजे खानदानी गोऱ्यांच्या लेखी हा हलक्या जन्माचा. जन्मावरून माणूस मोजायचा रोग फक्त मनूच्या पोथीत नसतो भावांनो. 1914 साली महायुद्ध पेटलं, ह्यानं विरोध केला, पुढारीपण सोडलं. तेव्हा एका साप्ताहिकानं काय केलं? ह्याचा जन्मदाखला छापला! लोकांना दाखवलं, बघा, हा कुणाच्या पोटचा. 1918 च्या निवडणुकीत तो पडला. तरी वाकला नाही. इथवर त्याला सलाम करायला माझी ना नाही.

पुढं कामगारांनी त्याला उचलला. खाणीतले, गोदीतले, गिरणीतले. ज्यांनी पैपैशानं मजूर पक्ष उभा केला, त्यांच्या जिवावर तो जानेवारी 1924 मध्ये इंग्लंडचा पहिला मजूर पंतप्रधान झाला. मोलकरणीचा पोर राजाच्या दरबारात. त्याच साली समोर पाण्यापलीकडचं गेटवे ऑफ इंडिया बांधून पुरं झालं. बादशहाच्या स्वागताची ती कमान. आता म्हणाल, गरिबाचं सरकार आलं, तर ह्या कमानीतून आपल्याकडं काय आलं?

ऐका. 1924 सालीच कानपूर कटाच्या खटल्यात डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. 1929 साली मॅक्डोनाल्ड पुन्हा पंतप्रधान झाला. मीरतचा खटला आधीच्या सरकारनं सुरू केला होता, ह्यानं तो चालू ठेवला. कामगारांचे पुढारी तुरुंगात, आणि लंडनच्या खुर्चीत कामगारांचा पंतप्रधान! 1930 साली सोलापुरात लष्करी कायदा लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे फासावर गेले. 23 मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. आणि लांब कशाला जाता? आपलं उरणचं चिरनेर घ्या. 25 सप्टेंबर 1930. जंगल सत्याग्रहात उतरलेल्या कष्टकऱ्यांवर गोळ्या चालल्या, माणसं मेली. तेव्हा विलायतेत राज्य टोरींचं नव्हतं. मजूर पक्षाचं होतं. साम्राज्याची गोळी झाडणाऱ्याची जात विचारत नाही, ती ज्याच्या छातीत जाते तो मात्र नेहमी गरीबच असतो.

आता खरी गोम. ऑगस्ट 1931. मंदी आलेली, लाखो माणसं बेकार. सावकार म्हणाले, बेकारांचा भत्ता कापा. मॅक्डोनाल्ड दहा टक्के कापायला तयार झाला. मंत्रिमंडळ फुटलं. राजीनामा घेऊन राजाकडे गेला आणि खुर्ची घेऊन परत आला! टोरी आणि लिबरलांना घेऊन ‘राष्ट्रीय’ सरकार केलं. पक्षानं त्याला हाकलला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्या सरकारला 554 जागा मिळाल्या. त्यांत टोरी साडेचारशेच्या वर, आणि मॅक्डोनाल्डच्या गटाचे किती? 13. पंतप्रधान मजुराचा, मतं मालकाची. नाव त्याचं, लगाम त्यांच्या हातात.

हे ध्यानात ठेवा आणि आता जातीय निवाड्याकडे या.

16 ऑगस्ट 1932. निवाडा जाहीर झाला. प्रांतांच्या कायदेमंडळांत अस्पृश्यांना 71 जागा, स्वतंत्र मतदारसंघ, वीस वर्षांसाठी. दोन मतं : एक सर्वसाधारण मतदारसंघात सगळ्यांबरोबर, दुसरं फक्त आपलं, आपल्या माणसासाठी. काही शहाणे म्हणतात, मॅक्डोनाल्डनं दिलं. अरे, दिलं कसलं? साम्राज्याला काँग्रेससमोर भिंत पाहिजे होती, हा त्यांचा हिशेब. पण ती मागणी टेबलावर आणून ठेवली कुणी? चवदार तळ्यावर 1927 साली ज्यांनी ओंजळ भरली त्यांनी. त्या डिसेंबरात मनुस्मृती जाळायला बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले, दासगावला उतरले. ह्याच किनाऱ्यानं ती बोट गेली. 1930 साली काळारामाच्या दारात ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांनी. गोलमेज परिषदेत मॅक्डोनाल्ड अध्यक्षाच्या खुर्चीत होता, पण आपली बाजू मांडत उभे होते बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन.

मग 20 सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू झालं. मॅक्डोनाल्डनं आधीच गांधींना पत्रानं कळवलं होतं, अस्पृश्यांना सर्वसाधारण मतदारसंघातही मत आहे, मग ते हिंदूंपासून तुटतात कुठं? उत्तर रास्त होतं. पण एका माणसाचा जीव आणि गावोगावच्या आपल्या वस्त्यांचे जीव, दोन्ही बाबासाहेबांच्या एकट्याच्या डोक्यावर टाकले गेले. 24 सप्टेंबरला सही झाली. जागा 71 च्या 148 झाल्या. आकडा दुप्पट, आणि दात काढलेला. आपण चार नावं निवडायची, त्यातला एक साऱ्या गावानं उचलायचा. सारं गाव कुणाला उचलणार? जो कमी बोलतो त्याला. पुढं संविधानात राखीव जागा राहिल्या, चार नावांची ती चाळणीही गेली. 1952 साली मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले, काँग्रेसचा उमेदवार राखीव जागेवर निवडून आला. संविधान लिहिणारा घरी, आणि ‘होय जी’ म्हणणारा दिल्लीत!

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. 1931 नंतरचा मॅक्डोनाल्ड आणि आपल्या राखीव जागेवरचा मुका आमदार. फरक काय? दोघंही आपल्या लोकांचं नाव लावून दुसऱ्याच्या मतावर बसलेले. दोघांनाही खुर्चीवरून उठवायचा दोर भलत्याच्या हातात. जो निवाडा म्हणत होता की दलितांचा माणूस दलितांच्या मतावरच उभा राहावा, त्यावर सही करणारा स्वतः मालकांच्या मतावर तरंगत होता. इतिहास असा दात विचकून हसतो.

म्हणून म्हणतो, नुसता जन्म बघू नका. मोलकरणीच्या पोटचा आहे, वाडीतला आहे, गळ्यात निळा गमछा आहे, एवढ्यावर माणूस आपला होत नाही. तो कुणाला जबाबदार आहे, ते बघा. बाबासाहेबांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मॅक्डोनाल्डही तरुणपणी विलायतेतल्या ह्याच नावाच्या पक्षातून वर आला होता. नाव एक, वाट वेगळी. आपल्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी 1933 ते 1939 शेतं ओस टाकून संप केला. बाबासाहेब त्यांच्या बाजूनं उभे राहिले, 1937 साली कायदेमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. खुर्चीवर गेल्यावर वाडीचं काम कसं करायचं, ते हे.

आणि आपण? रिपब्लिकन पक्ष 1957 साली निघाला, त्याचे किती तुकडे झाले, मोजून बोटं दुखली. पँथर 1972 साली गरजली, दोन वर्षांत फुटली. प्रत्येक तुकड्याला कुणीतरी मांडी दिली. ‘समाजासाठी’ म्हणून जो तो बसला. मॅक्डोनाल्डही ‘देशासाठी’ म्हणूनच बसला होता.

तेव्हा मांडव्यातल्या पोरांनो, तुमच्यापासून सुरू करा. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर कोण उभा राहणार, हे वाडी ठरवते की बंगल्यांसाठी जमिनी फिरवणारे दलाल ठरवतात? नाव आधी वाडीच्या बैठकीत ठरवा. बायांना पुढं बसवा. निवडून आला की दर महिन्याला त्याला वाडीत उभा करा, हिशेब मागा. कायद्यात स्वतंत्र मतदारसंघ नसेल, वाडीच्या बैठकीत तो करायला कुणाची परवानगी लागत नाही.

मॅक्डोनाल्डची अखेर सांगतो नि थांबतो. टोरींचं काम झालं, जून 1935 मध्ये खुर्ची गेली. नोव्हेंबरात सीहॅमच्या खाणकामगारांनी त्याला पाडला. ज्यांनी निवडून दिला होता त्यांनीच. दोन वर्षांनी बोटीवर, भर समुद्रात मेला.

त्या खाणकामगारांनी जे केलं ते करायची तयारी ठेवा. आपला म्हणून पाठवलेला माणूस दुसऱ्याचा झाला, तर त्याला खाली ओढायचं कामही आपलंच.

जय भीम!