देवळाचा हिशेब दगडावर होता



मघाशी एका वक्त्यानं सांगितलं, जुनी देवळं म्हणजे पुरोहितांची लुबाडणूक. दुसऱ्यानं सांगितलं, देवळं म्हणजे आपला सुवर्णकाळ. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोघांशीही भांडायचं आहे, कारण दगडावर काय कोरलंय ते दोघांनीही वाचलेलं नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणला भवानीच्या देवळातला शके 1128चा शिलालेख घ्या. गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. शेवटचा भाग मराठीत आहे. पेठेत येणाऱ्या मालावरच्या जकातीत मठाचा वाटा किती, चालू घाण्यामागे तेल किती, सगळं कोरलेलं. म्हणजे गणित शिकणाऱ्या पोरांचा खर्च तेल्याच्या घाण्यातून निघत होता. लुबाडणूक म्हणणाऱ्यांनी हे सांगावं. आणि सुवर्णकाळवाल्यांनी त्या तेल्याला कुणी विचारलं होतं का, तेही सांगावं!

पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख रामदेवराव यादवाच्या काळातला, शके 1195 ते 1199चा. विठ्ठलाच्या देवळाला कुणी किती दिलं, नावानिशी. आणि आपण काय केलं? तिथं पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या. अक्षरं झिजली. देणाऱ्यांची नावं आपल्याच भक्तीनं पुसली.

गद्धेगाळ, म्हणजे दानाचे शापदगड, तर त्याहून वाईट अवस्थेत. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे. धर्मादाय जमीन राखायला बाईची विटंबना लागली, हे त्या सुवर्णकाळाच्या खात्यावर मांडा. आज कित्येक गावांत त्याच दगडाला शेंदूर फासून नारळ फुटतो, लेख खाली गाडला जातो.

आणि पंढरपूरच्या देवळाचं दार? अस्पृश्य ठरवलेल्या चोखोबांना ते मिळालं नाही. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, समाधी महाद्वाराबाहेर झाली. ते दार उघडायला 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. जे देऊळ साऱ्यांकडून दान घेत होतं, ते साऱ्यांना आत घेत नव्हतं. माझं भांडण याच्याशी आहे, आणि हे झाकणाऱ्यांशीही.

जीर्णोद्धार समित्यांना या सभेचा अध्यक्ष या नात्यानं सांगतो. जुन्या दगडावर ऑइल पेंट लावू नका. पायरीखाली, गटाराशी लेखाचा दगड निघाला तर त्यावर फरशी बसवण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवा. हीच शिस्त आपल्या रहिमतपुरातल्या आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीलाही. आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या लावताच आहात, तर शेजारी वर्षाच्या खर्चाचीही पाटी लावा, रस्त्यावरून वाचता येईल अशी.