भाड्याच्या घरातील ओल



माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या इंदूर शहराच्या शीतल रात्रींची ‘शबे मालवा’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रशंसा होत आली आहे. परंतु याच रात्री भाड्याच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या कुटुंबास एक उपद्रवही देतात. पावसाळा सरला, दिवाळी आटोपली, की कपाटामागील भिंतीवर काळसर ठिपके उमटू लागतात. ठेवणीतल्या लुगड्यांना कुबट वास येतो आणि लहान मुलांचा खोकला काही केल्या हटत नाही. घरमालक म्हणतो, खिडक्या उघडत जा. भाडेकरू म्हणतो, भिंत दुरुस्त करून द्या. बदलीवर येणारे अधिकारी व शिक्षक, त्याचप्रमाणे निमाड-खानदेशातील खेड्यांतून शिक्षणासाठी येऊन भंवरकुआच्या परिसरात खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी, या सर्वांच्या वाट्यास हा वाद कधी ना कधी येतो. त्यात बहुधा कोणीही विचारीत नाही तो प्रश्न असा, की भिंतीत पाणी येते कोठून?

पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट जमिनीतून. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात ओल अडविणारा थर नसेल किंवा तो तुटला असेल, तर जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. अशी ओल साधारणतः मीटरभर उंचीपर्यंत पोहोचते. तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटते. भिंतीस लोणा लागला असे म्हणतात तो हाच.

दुसरी वाट वरून किंवा बाजूने. नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून १९७८ साली इंदुरात आले आणि शहराची तहान भागली. मात्र नळाचे पाणी ठराविक वेळीच येत असल्याने साठवण अपरिहार्य ठरली आणि गच्चीगच्चीवर टाक्या उभ्या राहिल्या. टाकीचा पाझर, भिंतीत पुरलेल्या नळाचा सैल सांधा, वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची फुटलेली मोरी किंवा गच्चीवरील तुंबलेली पन्हळ यांपैकी एखादे कारण असल्यास डाग एकाच जागी पडतो व पसरत जातो. पावसाशी त्याचा संबंध आहे की नाही, हे दोन आठवडे नीट पाहिले तरी कळून येते. भर उन्हाळ्यातही डाग ओलाच राहिला, तर प्रथम नळ तपासावा.

तिसरी वाट घरातलीच, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. माणसांचा श्वास, अंघोळीची वाफ, खोलीतील दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाक यांतून हवेत बाष्प मिसळते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधील वायू जळून संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सोडतो, हे ऐकून अनेक गृहिणींना नवल वाटेल. रात्री बाहेरची भिंत गार झाली, की हे बाष्प तिच्यावर पाणी होऊन बसते. कोपऱ्यात व कपाटामागे हवा खेळत नाही, म्हणून बुरशी तेथेच प्रथम धरते.

या वाटा ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. खोलीच्या बाजूने थेंब दिसल्यास ओल घरातील हवेची. भिंतीच्या बाजूने दिसल्यास ती भिंतीतील. दोहोंकडे दिसल्यास दोन्ही कारणे आहेत असे समजावे. वादाचा अर्धा भाग एवढ्यानेच मिटतो.

राजवाड्याभोवतालच्या जुन्या वस्तीतील घरांबाबत एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. चुन्याच्या गिलाव्याची भिंत ओल घेते तशीच ती बाहेरही टाकते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढविला, तर पाणी आतच कोंडते, काही महिन्यांनी पापुद्रे सुटतात आणि केलेला खर्च वाया जातो. दुरुस्ती चुन्यानेच करावी.

घरांत उजेड व हवा असावी, हा विचार इंदूरला नवा नाही. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकीर्दीत पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने शहराची पाहणी करून १९१८ साली दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, आवश्यक तेवढीच काटछाट करून तिच्यात हवा व प्रकाश आणावा, असे त्याचे मत होते. आजच्या भाडेकरूला पुढचा दरवाजा आणि मागची खिडकी सकाळी अर्धा तास एकदमच उघडता आली, तरी पुष्कळ झाले. कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवावे. चूल पेटलेली असेतो खिडकी बंद ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओलसर व बुरशीयुक्त घरांत दमा व श्वसनविकार अधिक आढळतात. मात्र २०२१ साली महाराजा यशवंतराव रुग्णालयात ज्या ‘ब्लॅक फंगस’चे रुग्ण मोठ्या संख्येने दाखल झाले, तो रोग म्हणजे भिंतीवरील काळे डाग नव्हेत. त्यास अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडचा वापर ही मुख्य कारणे होती. तरीही मधुमेही व दमेकरी व्यक्तींनी बुरशी स्वतः खरवडू नये. इतरांनी नाक-तोंड झाकून, डाग प्रथम साबणाच्या पाण्याने भिजवून मग पुसावा. कोरडा झाडल्यास बुरशीची बीजे घरभर उडतात. ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे आम्ल कदापि एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

आता खर्चाचा प्रश्न. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती करण्यास घरमालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. परंतु करारात वेगळे ठरले असल्यास करारच मानला जातो. म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्यापूर्वीच छत, नळ व बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती कोणी करावयाची, हे लिहून घ्यावे. नंतरची तक्रारही लेखी असावी, तीस तारखेसह छायाचित्रे जोडावीत आणि खर्चाच्या पावत्या जपाव्यात. तोंडी बोलण्यास, संबंध कितीही घरोब्याचे असोत, पुढे पुरावा राहात नाही. उलट, घरातील बाष्पामुळे धरलेली बुरशी घरमालकाच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे.

भिंतीची दुरुस्ती चैत्र-वैशाखात व्हावी, कारण जाड भिंत सुकण्यास महिने लागतात. घर पाहावयाचे ते मात्र शक्यतो भाद्रपदात. उन्हाळ्यातच पाहणे भाग पडले, तर कपाटे सरकवून जोत्यालगतची भिंत हाताने चाचपावी, आणि सगळे घर जुने असून एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिलेला दिसला, तर तो कोणत्या कारणाने दिला हे घरमालकास तेथेच विचारावे.