रेकॉर्ड तोडायचं कुठे?

ओळीच्या शेवटी जागा संपते आणि शब्द अर्धाच बसलेला असतो. मग आपण तो तोडतो, आडवी रेघ मारतो आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत ढकलतो. मराठीत त्याने फारसं बिघडत नाही. आपलं अक्षर हेच उच्चाराचं माप, त्यामुळे जोडाक्षर फोडलं नाही की काम भागतं. इंग्रजीत मात्र शब्द कुठे तोडावा यासाठी कोश उघडावा लागतो. त्यातला एकच शब्द आज घेतो, अगदी रोजच्या तोंडातला: रेकॉर्ड.

अमेरिकी कोशात हा शब्द दोन तऱ्हेने तोडलेला दिसेल. तो नाम असेल तर उच्चाराचा जोर पहिल्या भागावर येतो. तिथला स्वर आखूड आणि जोरकस असतो, आणि असा स्वर पुढचं व्यंजन स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून तुकडे पडतात ‘रेक’ आणि ‘ऑर्ड’. क्रियापद असेल तर जोर पुढे सरकतो आणि तुकडे होतात ‘रि’ आणि ‘कॉर्ड’. दोन्हीकडे रोमन अक्षरं तीच सहा, क्रमही तोच. म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने आधी वाक्य वाचायचं, इथे नोंद आहे की नोंदवणं आहे ते ठरवायचं आणि मग रेघ टाकायची. ज्याला आपण निव्वळ जागेचं काम समजतो ते इथे अर्थाचं काम होऊन बसतं.

ब्रिटिश छापखान्यांच्या जुन्या परंपरेत उच्चारापेक्षा व्युत्पत्तीला मान जास्त. या शब्दाच्या मुळाशी आठवण्याचं लॅटिन क्रियापद आहे: ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘कोर’ म्हणजे हृदय. मुळाप्रमाणे तोडायचं तर नाम असो की क्रियापद, ‘रे’ नंतरच तोडायला हवं. दोन्ही पद्धतींना स्वतःचं तर्कशास्त्र आहे. एकाच पुस्तकात दोन्ही आल्या की मात्र मुद्रितशोधकाचं डोकं फिरतं.

आता या शब्दाची व्याख्या करायला बसा. इंग्रजीत तो आधी न्यायालयाच्या दप्तरात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो खेळाच्या मैदानावर आला आणि त्याच सुमारास ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवरही चढला. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं आणि तबकडीबरोबर हा शब्दही आपल्या घरांत शिरला. पुढे आपण त्याचं काय केलं पाहा. गाण्याची रेकॉर्ड ‘लावली’, कचेरीतलं रेकॉर्ड ‘तपासलं’, गावसकरांनी रेकॉर्ड ‘मोडला’ किंवा ‘मोडलं’. इंग्रजीने नाम आणि क्रियापद जोराने वेगळं केलं, आपण तबकडी आणि दप्तर लिंगाने वेगळं केलं. व्याख्या लिहिणाऱ्याने हे नोंदवलंच पाहिजे. आपल्या घरगुती कोशांत ‘नोंद, उच्चांक, तबकडी’ एवढ्यावर काम उरकलेलं असतं.

आता कोशांबद्दलचा एक गैरसमज. अमेरिकी कोशांत शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात ते उच्चाराचे तुकडे दाखवतात, असं आपले विद्यार्थी धरून चालतात, शिक्षकही. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘आयडिया’ काढून बघा. उच्चारात तीन तुकडे, पण शब्दात ठिपका एकही नाही. कारण ते ठिपके ओळ तोडण्यासाठी आहेत, आणि शब्दाचं पहिलं किंवा शेवटचं एकटं अक्षर ओळीच्या टोकाला लोंबकळत ठेवायचं नाही, असा छापखान्याचा दंडक.

जोडणारी रेघ हा वेगळा विषय, तो झटपट सांगतो. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाने सुमारे १६ हजार शब्दांमधली रेघ काढून टाकली: ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘क्रायबेबी’ एकसंध. सगळ्याच रेघा अशा उडवता येत नाहीत. रेघ असेल तर ‘रि-साइन’, म्हणजे करारावर पुन्हा सही. नसेल तर राजीनामा. खेळाडूच्या बातमीत ती गळली की हाहाकार.

पुन्हा ओळीच्या टोकाकडे येऊ. तिथे शब्द तोडायचं काम आज यंत्र करतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचा विद्यार्थी फ्रँक्लिन लियांग याने १९८३ च्या प्रबंधात त्याची रीत मांडली. एका खिशातल्या कोशावरून त्याने अक्षरांचे ४,४४७ नमुने काढले आणि अक्षरांमधल्या जागांना अंक दिले. विषम अंक म्हणजे तोडा, सम म्हणजे तोडू नका, आणि दोघांत तंटा झाला तर मोठा अंक खरा. तलाठ्याच्या शेऱ्यावर तहसीलदाराचा शेरा पडावा तसं. ‘हायफनेशन’ हाच शब्द घ्या. त्यातल्या ‘एन’ आणि ‘ए’ यांच्या मधल्या जागेला एक नमुना २ देतो, दुसरा ५. पाच मोठा आणि विषम, तेव्हा तोडा. पुढे ‘ए’ आणि ‘टी’ यांच्या मध्ये १ विरुद्ध ४. चार मोठा आणि सम, तेव्हा हात लावू नका. एवढ्या भांडवलावर त्या कोशातल्या ८९ टक्के जागा यंत्राला सापडल्या, आणि चुकीची म्हणावी अशी जवळजवळ एकही नाही.

तरीही कनूथ यांना या नमुन्यांच्या जोडीला १४ अपवादांची वेगळी यादी द्यावी लागली. त्यात ‘प्रोजेक्ट’ आणि ‘प्रेझेंट’ आहेत, दोन्ही आपल्या रेकॉर्डच्याच जातीचे: नाम एकीकडे तुटतं, क्रियापद दुसरीकडे. यादीत या दोघांना एकही रेघ दिलेली नाही. यंत्राला वाक्य कळत नाही, मग त्याने तोडूच नये; ओळ जरा विरळ पडली तर पडू दे. पुस्तकाच्या रुंद पानावर हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात विरळ ओळी भगदाडासारख्या दिसतात. तिथे उपसंपादकाने एखादा शब्द बदलून वाक्यच आखूड करावं.