देवाचे लाकूड आणि मुलांची खेळणी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



ग्रामदैवताच्या कृपेने व सर्वांच्या हातभाराने देवालयाचे काम पूर्णत्वास गेले. जमाखर्चाचा हिशोब समिती सादर करीलच. परंतु एका गोष्टीचा हिशोब अद्याप व्हावयाचा आहे. जुन्या सभामंडपाचे वासे, तुळयांचे तुकडे व खांबांचे बुंधे देवळामागे रचून ठेवलेले आहेत. देवाचे लाकूड कोणी घरच्या चुलीत घालीत नाही, घरालाही लावीत नाही. मग ते पावसात कुजते, नाहीतर वाळवीच्या तोंडी जाते. सदर लाकडाची मुलांसाठी खेळणी व्हावीत, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

या जिल्ह्याला खेळणी नवी नाहीत. सावंतवाडीच्या चितारआळीची लाकडी फळे, भातुकली, पोळपाट-लाटणी दूरवर जातात. ही कला मागे पडत असता 1970 च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी कारागिरांना राजवाड्यात बसवून गंजिफा व लाखकामाला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. चितारी मंडळी पूर्वापार पांगाऱ्याचे लाकूड वापरीत. कुंपणाला लावलेला हाच पांगारा! हलका, मऊ, हत्याराला सोपा.

कातकाम कसे चालते, हे लहानांना ठाऊक नसेल. लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये पकडून गरागरा फिरवायचा व त्याला धारदार हत्यार लावून आकार द्यायचा. पूर्वी एक जण दोरी ओढून तुकडा फिरवी व दुसरा हत्यार धरी. आता विजेची मोटर आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या खेळण्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासले की चकाकी येते.

ओले लाकूड कातले तर पुढे तडकते. देवळाचे लाकूड कित्येक वर्षे छपराखाली वाळलेले, म्हणून ते या कामाला उत्तम. दोन इंच जाडीच्या एक फूट वाशातून अडीच इंचांचे चार भोवरे निघतात व करवतीची घट धरूनही तुकडा पुरतो. बुंध्यांतून पांगुळगाड्याची चाके होतील, उरल्यासुरल्यातून ठोकळे.

आता ही खेळणी द्यावयाची कोणाला? नव्या भिंतींना जांभ्याचे चिरे लागले. ते चिरे खाणीत ज्यांनी काढले, त्यांतील बरेच मजूर परमुलखातून आलेले. त्यांची लेकरे खाणीच्या कडेला, झोपडीच्या दारात, लाल धुळीत बसलेली असतात. हाती चिऱ्याचा कपचा, तेच खेळणे. देवळाला या मुलांच्या आईबापांचा घाम लागला आहे. पहिला हक्क त्यांचा. त्यानंतर गावची अंगणवाडी.

खेळणे म्हणजे चैन, असे काहींना वाटेल. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे व 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. बिया, खडे, पाने, शंखशिंपले यांवरच मुले मोजायला व रंग-आकार ओळखायला शिकली. हाताला वस्तू मिळाली की बुद्धीला वाट फुटते, हे त्या कामातून महाराष्ट्राने पाहिले.

काही वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येईल, की देवाचे लाकूड पायदळी जाईल. शंका रास्त आहे व तिचा मान राखला पाहिजे. सबब प्रथम देवाला गाऱ्हाणे घालून कौल घ्यावा. पण एवढेही ध्यानी घ्यावे की मूल व्हावे म्हणून नवस बोलून लोक देवीला लाकडी पाळणा वाहतात. पाळणा देवाकडे जाऊ शकतो, तर देवाकडून एक भोवरा लेकराकडे का येऊ नये?

काम करताना काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक तुकड्यातील खिळे काढावेत. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, म्हणून रंगवलेले लाकूड वेगळे ठेवावे व खेळण्यास वापरू नये. सव्वा इंच भोकातून आत जाईल अशी वस्तू तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये, घशात अडकते. आरीचा भोवरा मोठ्या मुलांनाच द्यावा. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात.

समितीने लाकूड विकू नये. सुतारांनी ते निवडावे. कातणाऱ्याची मजुरी मात्र पूर्ण द्यावी. धर्मकार्य म्हणून कारागिराला फुकट राबवणे हा धर्म नव्हे. ती मजुरी देणगीदारांनी उचलावी.

शेवटी देणगीदारांना एक नम्र विनंती. पायरीवर, घंटेवर, फरशीवर नाव घालावे, त्यात गैर काही नाही. खेळण्यावर मात्र नाव नको. ज्या मुलाला अक्षर येत नाही त्याला नाव वाचता येणार नाही, आणि ज्याला येते त्याला आपण कोणाचे उपकार घेतले हे रोज वाचावे लागेल. भोवरा फिरू लागला की ग्रामदैवताच्या वहीत देणगी जमा झाली असे समजावे.

देव सर्वांचे कल्याण करो.