पांढरी भुकटी आणि आपली पार्सले

(कुंभकोणम येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सुरक्षा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंभकोणमशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. जवळच तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. पण आज आम्ही इतिहास सांगायला उभे नाही. १६ जुलै २००४ रोजी या गावातल्या शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. स्वयंपाकाच्या चुलीची आग झावळ्यांच्या छपराला लागली. मुलांना बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. सुरक्षेचे नियम होते, पण ते कागदावर होते. आपल्या कामातही असाच एक धोका आहे आणि त्याचेही नियम कागदावरच राहतात. त्याचे नाव बेरियम नायट्रेट.

हा पदार्थ पांढरा, खड्यांचा, बिनवासाचा असतो. मीठ म्हणून सहज खपेल. फटाक्यांतला हिरवा रंग त्याचाच. फुलबाजीतही तो वापरला जात आला आहे. गार्डच्या पेटीतली फ्यूजी लाल जळते, तो रंग स्ट्रॉन्शियम नायट्रेटचा. हे दोघे एकाच घराण्यातले. बंदुकीच्या दारूतला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हा तिसरा भाऊ.

या घराण्याचा गुण नीट समजून घ्या. बेरियम नायट्रेट स्वतः पेटत नाही. ते दुसऱ्याला पेटवत ठेवते. त्याच्या पोटात ऑक्सिजन असतो आणि सुमारे ५९० अंशांना वितळून आणखी तापले की तो सुटू लागतो. म्हणून गंधक, कोळसा किंवा ॲल्युमिनियमची भुकटी यांत ते मिसळले की ठिणगी, घासणे किंवा आदळणे एवढ्यावरही भडका उडू शकतो. गोणपाट टाकून किंवा वाळू ओतून अशी आग गुदमरत नाही, कारण तिला बाहेरची हवा लागतच नाही. त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो. धूर घेतलेला माणूस तेव्हा ठीक दिसतो आणि काही तासांनी त्याला श्वास घेता येत नाही.

दुसरा धोका विषाचा. पोटाचा एक्स-रे काढताना बेरियम पाजतात, मग हे विष कसे, असे कोणी विचारील. एक्स-रेसाठी देतात ते बेरियम सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगात भिनत नाही. नायट्रेट विरघळते. ते पोटात गेले की उलट्या आणि जुलाब होतात, रक्तातले पोटॅशियम घटते, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. फुटक्या गोणीची भुकटी हाताला लागली आणि त्याच हाताने भाकरी खाल्ली किंवा तंबाखू मळली, तर विष पोटात जाते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नका. रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना ‘बेरियम’ हा शब्द सांगा. वेळेवर सांगितले तर उपचार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास बंदी केली. पण २०२१ मध्ये सी.बी.आय.च्या अहवालावरून, बंदीनंतरही ते वापरले जात असल्याचे त्याच न्यायालयापुढे आले. बंदी घातलेला माल खऱ्या नावाने कोण पाठवील? तो ‘खेळणी’ किंवा ‘पूजा साहित्य’ म्हणून येतो आणि हमालाच्या डोक्यावर, ब्रेक व्हॅनमध्ये, टपालाच्या थैलीत जाऊन बसतो. शिवकाशी याच राज्यात आहे. २०२८ साली कुंभकोणमला पुन्हा महामहम भरेल. १९९२ च्या महामहमला चेंगराचेंगरीत सुमारे ५० माणसे गेली होती. त्या गर्दीच्या गाडीत असे एखादे पार्सल पेटले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार धोकादायक मालाची लेखी सूचना देणे आणि पार्सलवर तशी खूण करणे पाठवणाऱ्याला बंधनकारक आहे. ती नसेल आणि संशयाला कारण असेल, तर रेल्वे कर्मचारी पार्सल उघडवून पाहू शकतो. लपवून माल आणणाऱ्यास १६४ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. टपालात तर स्फोटक पदार्थ घेतच नाहीत.

तेव्हा भुकटी गळताना दिसली, तर पार्सल ओढू नका, झाडू मारू नका, विडी पेटवू नका. माणसे दूर करा, वरिष्ठांना लेखी कळवा, हात साबणाने धुवा. आग लागली तर वीर होऊ नका. माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या आणि अग्निशामक दलाला आत काय आहे ते सांगा.

आणि प्रशासनाकडे आपली मागणी सरळ आहे. प्रत्येक पार्सल कार्यालयात आणि सॉर्टिंगच्या जागी हातमोजे, पाणी व साबण हवा. कंत्राटी हमालासह प्रत्येकाला प्रशिक्षण हवे. संशयावरून पार्सल अडवणाऱ्या कामगाराला ‘गाडीला उशीर केला’ म्हणून मेमो मिळता कामा नये. गाडी दहा मिनिटे उशिरा पोचली तर चालते. माणूस पोचला पाहिजे.